राजापूरच्या बाजारपेठेतील माझे आजोबा

लहान गावात एकच दुकान आयुष्यभर चालवलेल्या माणसाबद्दल कोणी अनुभवातून सांगेल का, आणि असे आयुष्य कंटाळवाणे नसते का, असे आपण विचारले आहे. माझ्या आजोबांचे किराणा दुकान रत्नागिरी जिल्ह्यातील राजापूरच्या बाजारपेठेत होते. १९२७ साली जन्मलेले आजोबा विशी गाठण्याआधीच वडिलांच्या हाताखाली गल्ल्यावर बसू लागले आणि २०१९ साली वारले. अखेरची काही वर्षे सोडली, तर त्यांचा दिवस दुकानाबाहेर फारसा गेलाच नाही.

पाटी किराणा मालाची असली तरी त्यांचा सारा व्यवहार उधारीवर उभा होता. आसपासच्या वाड्यांवरील बहुतेक घरांतला कर्ता पुरुष मुंबईला गिरणीत नाही तर गोदीत कामाला असे आणि घर त्याच्या मनीऑर्डरीवर चाले. त्यातच पावसाच्या तोंडावर आगोटीची, म्हणजे पावसाळ्यापुरत्या सामानाची, खरेदी एकरकमी करावी लागे, कारण आगबोटी जूनपासून बंद होत, बंदरे नारळी पौर्णिमेपर्यंत थंडावत आणि पऱ्हे, म्हणजे ओढे, भरले की वाडीवरून बाजारात येणेच कठीण होई. म्हणजे मीठ, मिरची, गूळ, डाळी, तेल हे सारे मे महिन्यात न्यायचे आणि पैसे गणपतीला चाकरमानी आला की द्यायचे. तोवर माल पुरवणाऱ्या कोल्हापूरच्या अडत्याला तोंड कसे द्यायचे, हे आजोबांनी पाहायचे. ‘लिवून ठेवा, शेट,’ एवढे बोलून गिऱ्हाईक पायरी उतरत असे.

त्यांची खतावणी, म्हणजे गिऱ्हाइकांच्या खात्यांची वही, मी शाळेत असताना अनेकदा चाळली आहे. प्रत्येक खात्याच्या माथ्यावर नाव आणि वाडी असे. त्याखाली बारीक अक्षरात मुंबईची चाळ, खोलीचा क्रमांक आणि मनीऑर्डर साधारण कोणत्या तारखेला येते, याची नोंद असे. काही खात्यांवर ‘सासूच्या हाती देऊ नये’ असाही शेरा असे, त्याचा अर्थ मी कधी विचारला नाही.

या पद्धतीची खरी परीक्षा १९८२ साली झाली. १८ जानेवारीला दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली मुंबईतील गिरण्यांचा संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि तो संप रीतसर मागे असा कधी घेतलाच गेला नाही. होळीपर्यंत आमच्याकडच्या मनीऑर्डरी आटल्या. पाठोपाठ माणसेही घरी परतली, म्हणजे पैसा थांबला आणि खाणारी तोंडे वाढली. त्या वर्षीच्या आगोटीला आजोबांनी एक नियम केला, तो असा की तांदूळ, मीठ, मिरची, डाळ आणि तेल खात्यावर मिळेल, परंतु साबण, बिस्किटे, सुपारी आणि तंबाखू रोखीनेच. चहापुडीवर मात्र त्यांना माघार घ्यावी लागली. चहा बंद केला तर दुकानात कोणी उभे राहणार नाही, असे आजीने सुनावले आणि ते बरोबरच होते. अडत्याला त्यांनी निम्मीच रक्कम पोहोचती केली आणि उरलेल्या रकमेवर पुढे कितीतरी महिने व्याज भरले. नातेवाईक याला दानधर्म म्हणतात. मला ते पटत नाही. गिऱ्हाईक एकदा दुसऱ्याची पायरी चढले की परत येत नाही, हा हिशेब त्यामागे होता, आणि तो त्यांनी कधी लपवलाही नाही. बरीचशी बाकी पुढे हप्त्याहप्त्याने फिटली, काही बुडाली. बुडालेल्या खात्यांवर त्यांनी आडवी रेघ मारली, पण त्या घरांतील लग्नाला जाणे सोडले नाही.

कंटाळ्याचे म्हणाल, तर राजापूरचा पावसाळा त्याला वाव देत नाही. बाजारपेठ अर्जुना आणि कोदवली या नद्यांच्या काठी असल्यामुळे जवाहर चौकात पाणी येणे हे नित्याचेच. पाणी चढू लागले की आजोबा आधी पंचांगात तिथी पाहत, कारण अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाची भरती असली तर खाडी पाणी घेत नाही, असा त्यांचा अनुभव होता. मग माल माळ्यावर चढवण्याचा क्रम ठरलेला असे. साखर आणि मीठ सर्वांत आधी, कारण ती भिजली की उरतच नाहीत. त्यानंतर डाळी आणि तांदूळ. तेलाचे सीलबंद डबे खालीच ठेवून खांबाला दोरीने आवळले जात, कारण पाण्याने त्यांचे काही बिघडत नाही, ते फक्त वाहून जातात.

सरकारी बदलही त्यांनी असेच अंगावर घेतले. १ एप्रिल १९५७ रोजी नवे पैसे आले तेव्हा सोळा आण्यांचे शंभर पैसे करताना एका आण्याला सव्वासहा पैसे पडत, आणि त्या पाव पैशावरून दुकानात रोज वाद होत. पुढे किलो आला तरी म्हाताऱ्या बायका तांदूळ पायलीनेच मागत, म्हणून पायलीचे माप गल्ल्याशेजारी बरीच वर्षे राहिले.

त्यांचे सगळेच चांगले होते असे नाही. नोकरांचा पगार वाढवताना त्यांचा हात आखडता असे. माझ्या आत्याची हिशेबातली बुद्धी काकांहून तल्लख असूनही तिला त्यांनी गल्ल्यावर कधी बसू दिले नाही, आणि यात दुकानाचे नुकसानच झाले, असे माझे मत आहे.

समाधानी होते का, याचे उत्तर मला सरळ ‘हो’ असे देता येत नाही. काजूगर काढण्याचा लहानसा कारखाना टाकावा, हे त्यांच्या मनात तरुणपणापासून होते. कच्ची काजू बी आमच्याच दारावरून बाहेर जाते आणि फोडणाऱ्याचे भले होते, हे ते पाहत होते. पण भांडवल नेहमीच खतावणीत अडकलेले असे आणि १९८२ नंतर तर तो विषयच संपला. नव्वदीतही ही गोष्ट निघाली की ते चिडत आणि यंत्राची, जागेची, मजुरीची आकडेमोड तोंडाने करून दाखवत.