‘चोरी’ लिहिण्याआधी थांब

भाषांतराला नुकती सुरुवात केली आहेस म्हणून कळकळीने सांगतो, थेफ्ट, रॉबरी, बर्ग्लरी या सगळ्यांना सरसकट ‘चोरी’ लिहू नकोस. गर्दीत नकळत पाकीट मारलं तर थेफ्ट. चाकू दाखवून तेच पाकीट हिसकावलं तर रॉबरी, आपल्या पोलिसांच्या भाषेत जबरी चोरी. बर्ग्लरी म्हणजे घरफोडी. जुन्या इंग्लिश कायद्यात मात्र ती रात्रीचीच असावी लागे, दिवसाढवळ्या कडी तोडली तर गुन्हा वेगळा! विश्वासाने सोपवलेले पैसे खाल्ले तर एम्बेझलमेंट, म्हणजे अपहार.

‘लार्सनी’ हा चोरीसाठीचा जुना कायदेशीर शब्द दिसला की आधी देश आणि साल बघ. इंग्लंडमध्ये १९६८च्या कायद्याने तो गेला, अमेरिकेत अजून चालतो. ‘डकॉइटी’ हिंदीतल्या डकैतीवरून आलेला. किमान पाच जण असले तरच दरोडा लिही.