तळ्यात ट्राउट मासे भरपूर असताना त्यांची ओढ्यातली वाट मोकळी ठेवायचा खर्च कशाला? दरवर्षी बोटुकली, म्हणजे बोटभर पिल्लं, सोडून भागत नाही का?

नाही भागत. "मासे दिसतायत ना, मग झालं" हे रस्त्याखालून ओढा नेणाऱ्या मोऱ्यांचे नकाशे मंजूर करणाऱ्यांच्या तोंडून इतक्यांदा ऐकलंय, की उत्तर जरा लांबणार.

तळ्यात दिसतात ते मोठे मासे. तिथे खाणं मुबलक, म्हणून ते तिथे पोसतात. पण बहुतेक ट्राउटची अंडी वाहत्या पाण्यातल्या रेवेतच जगतात. मादी शेपटीने रेव उकरून अंडी घालते, मग थोडं वर सरकून तिथली रेव उकरते आणि अंडी झाकते. ही जागा तळावर उजळ दिसते: प्रवाहाच्या वरच्या अंगाला खळगा, खालच्या अंगाला उंचवटा. अंडी उंचवट्याखाली असतात, तिथे पाय देऊ नका. 10 अंशांच्या पाण्यात रेनबो ट्राउटची अंडी फुटायला महिनाभर लागतो. तोवर रेवेतून पाणी खेळतं हवं. गाळ बसला की अंडी गुदमरली.

वाट बंद झाल्याचं तळ्यात लगेच कळत नाही, कारण जुने मासे काही वर्षं फिरत राहतात. अमेरिकेत नेवाडातल्या ट्रकी नदीवर 1905 मध्ये डर्बी धरण झालं. त्याने पाणी वळवलं आणि पिरॅमिड सरोवरातल्या लाहोंटन कटथ्रोट या ट्राउटची वरची वाटही अडवली. 1940च्या दशकापर्यंत सरोवरातली मूळ वस्ती संपली होती.

धरण निदान दिसतं तरी. मोरी कुणाच्या नजरेत येत नाही. अरुंद पाइपातून पाणी जोराने सुटतं, तोंडाखालचा तळ खरवडतं आणि काही पुरांनंतर पाइप अधांतरी लोंबतो. मोठा मासा उडी मारेलही, पण खाली डोह नसेल, घोटाभरच पाणी असेल, तर जोर कुठून घेणार? उडी साधली तरी आत गुळगुळीत नळी, दम खायला एक दगड नाही. ट्राउटची जोराची धाव काही सेकंदच टिकते. बोटभर पिल्लांचं तर विचारूच नका. म्हणून मोरी काठोकाठ भरलेल्या पात्राहून रुंद घ्या, उंचीच्या 30 ते 50 टक्के तळात पुरा, आत ओढ्यातलेच दगडगोटे भरा, उतार ओढ्याइतकाच ठेवा. माशाला किती उंच उडी लागेल ते मोजायचं अंडी घालण्याच्या हंगामातल्या पाण्यावर, सवड मिळेल तेव्हा नाही.

आता बोटुकली. तळ्याला मिळणाऱ्या ओढ्यातली पिल्लं प्रवाहाबरोबर खाली जातात, तळ्यातून निघणाऱ्या ओढ्यातली प्रवाहाविरुद्ध वर येतात. ही खोड बऱ्याच अंशी जन्मजात असते. पहिल्या वाणाची बोटुकली तळ्यातून निघणाऱ्या ओढ्यात सोडलीत, की ती तळ्याकडे पाठ करून निघून जाणार. आयर्लंडच्या लॉख मेल्विनमध्ये सोनाघेन ट्राउट येणाऱ्या ओढ्यांत अंडी घालतात, गिलरू ट्राउट बाहेर पडणाऱ्या नदीत. एकाच हौदातलं मत्स्यबीज ओतून हा फरक सांभाळणार कसा? शिवाय ओढ्यात चढणारा मासा इतरांचाही घास असतो. अमेरिकेतल्या यलोस्टोन सरोवराच्या ओढ्यांवर कटथ्रोटसाठी अस्वलं यायची. बाहेरून आलेला लेक ट्राउट सरोवरातच अंडी घालतो, तो त्यांच्या हाती लागत नाही.

हां, एक अपवाद आहे. वर मूळचे मासे उरलेत आणि खाली बाहेरची जात माजलीय, तर अडथळा राहू द्यावा लागतो. पण तो निर्णय वरचे-खालचे मासे पकडून, तपासून घ्या. मोरीचा खर्च वाचतो म्हणून नव्हे.