वाचकांचे प्रश्न : बोलके यंत्र कोणते घ्यावे?

प्रश्न : माझ्या सासूबाईंना (वय ६७) दीड वर्षापूर्वी पक्षाघाताचा झटका आला. उजव्या हातात अजून ताकद नाही. आमचे बोलणे त्यांना बहुतेक समजते, परंतु स्वतः ‘हो’, ‘नको’ आणि ‘ते, ते’ एवढेच बोलतात. संध्याकाळी आमच्याबरोबर रामरक्षेच्या ओळीच्या ओळी म्हणतात, पाणी मात्र मागता येत नाही. बटण दाबले की बोलणारे साधे यंत्र घ्यावे असे मनात आहे. दुकानदाराने ४५ संदेशांचे यंत्र दाखवले, तर भाच्याच्या मते मोबाइलवरील अ‍ॅप पुरेसे आहे. आम्ही काय घ्यावे?
– एक वाचक, सिंहगड रस्ता, पुणे

उत्तर : आपल्या वर्णनावरून हा अफेजिया असावा असे वाटते, म्हणजे मेंदूतील भाषेच्या केंद्रांना इजा झाल्यामुळे शब्द सापडेनासे होणे, नेमके निदान अर्थातच वाचाउपचारतज्ज्ञांनी तपासूनच करायचे आहे. पाठ असलेली स्तोत्रे, आरत्या आणि अंक पुष्कळदा शाबूत राहतात, कारण तेथे शब्द नव्याने शोधावा लागत नाही. म्हणून ‘रामरक्षा येते, मग पाणी का मागत नाहीत?’ असे त्यांच्यासमोर कोणीही म्हणू नये. अफेजियात वाचन आणि लेखनही बहुधा अडखळते, त्यामुळे टाइप करून बोलणारे यंत्र त्यांच्या उपयोगी पडण्याची शक्यता कमी आहे.

खरेदीची घाई करू नका. आधी एका जाड पुठ्ठ्यावर सहा किंवा नऊ चौकोन आखून त्यात आपल्याच घरातील माणसांची आणि वस्तूंची छायाचित्रे चिकटवा, आणि काही आठवडे तो फलक त्यांच्या डाव्या हाताशी ठेवा. ‘चहा कुठे आहे, दाखवा पाहू’ अशी परीक्षा घेऊ नका. ‘चहा टाकते हं’ म्हणताना आपण स्वतःच चहाच्या चित्रावर बोट ठेवा. घरचे सगळे फलक वापरू लागले, की त्यांनाही तो वापरण्यात संकोच वाटत नाही. त्या किती चित्रांत गोंधळत नाहीत, बोट नेमके पडते का, उजवीकडची चित्रे नजरेतून सुटतात का (झटक्यानंतर काहींच्या दृष्टीची उजवी बाजू जाते), हे या दिवसांत कळेल, आणि यंत्र कसे हवे हेही त्यावरूनच ठरेल.

४५ संदेशांच्या यंत्रात सहसा एका वेळी नऊच बटणे समोर असतात. वरचा कागद बदलून आणि कळ फिरवून पाच पातळ्या, म्हणजे नऊ-नऊ संदेशांचे पाच संच, वापरायच्या असतात. ही अदलाबदल अफेजिया असलेल्या व्यक्तीला जड जाऊ शकते. तेव्हा असे यंत्र घेतलेच, तरी पहिले काही महिने एकच पातळी ठेवावी. मोबाइलचा पडदा चुकीच्या स्पर्शाने भलतीकडे जातो आणि मध्येच फोन येतो. खऱ्या बटणाला दाबल्याची जाणीव बोटाला होते. तरीही अ‍ॅप अवश्य पाहावे. आयआयटी मुंबईत तयार झालेले ‘जेलो’ विनामूल्य आहे आणि त्यात मराठीही आहे; मात्र त्याची चित्रे लहान मुलांच्या वळणाची असल्याने ती सासूबाईंना रुचतात का, हे त्यांनाच विचारावे. यंत्र घेताना ते डाव्या हाताने दाबून पाहा, मेजावर घसरत नाही ना ते तपासा, आणि कुकरच्या शिट्टीतही त्याचा आवाज शेजारच्या खोलीत पोहोचतो का, हे ऐका.

बटणांवर काय असावे, याकडे मात्र सर्वांत कमी लक्ष दिले जाते, याचे मला फार वाईट वाटते. पाणी, औषध, संडास एवढीच बटणे भरली जातात, आणि नेमक्या याच गोष्टी माणूस हातवाऱ्यांनी सांगू शकतो. हातवाऱ्याने जे सांगता येत नाही ते भरा : ‘तसं नाही, मला वेगळं सांगायचंय’, ‘थांब, माझं संपलं नाही’, ‘भाजीत मीठ कमी आहे’, ‘ताईला फोन लाव’, ‘तुझं कसं चाललंय?’. मराठीत क्रियापदावरून बोलणारा पुरुष की स्त्री हे कळते, म्हणून ‘मी दमले’ हे नातवाच्या आवाजात नको. त्यांच्या वयाच्या बहिणीकडून किंवा मैत्रिणीकडून ध्वनिमुद्रण करून घ्यावे. वाक्ये कोणती, हे फलकावरून त्यांनाच निवडू द्यावे.

यंत्रामुळे उरलेले बोलणेही बंद पडेल, ही भीती निराधार आहे. वाचाउपचार मात्र सोबत चालू ठेवावेत. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अफेजियासारख्या कारणांनी आलेले वाचा व भाषा दिव्यांगत्व स्वतंत्रपणे नोंदलेले आहे, तेव्हा प्रमाणपत्राची चौकशी ससून रुग्णालयात करावी.

प्रश्न : माझ्या पतींना (वय ५४) मोटर न्यूरॉन आजार (स्नायूंची हालचाल घडवणाऱ्या चेतापेशी हळूहळू निकामी होण्याचा आजार) आहे. उच्चार अस्पष्ट होत चालले आहेत, पण वाचन-लेखन उत्तम आहे. चित्रांचे यंत्र त्यांना चालेल का?
– एक वाचक, हडपसर

उत्तर : त्यांची भाषा शाबूत असल्याने चित्रांच्या मोजक्या बटणांत ती कोंडू नये. सध्या फोनवर मराठीत टाइप करून तो मजकूर फोनकडून वाचून घेणे पुरेसे आहे. पुढे हातही थकू शकतात. म्हणून मोठे यंत्र घ्यायचेच झाले, तर पुढे एकाच कळीने किंवा डोळ्यांच्या हालचालीने चालवता येईल असेच घ्यावे. त्याहून तातडीचे काम म्हणजे, आवाज अजून समजतो आहे तोवर त्यांची नेहमीची वाक्ये, मुलांना मारायच्या हाका आणि खास त्यांचे शब्द त्यांच्याच आवाजात ध्वनिमुद्रित करणे. हे काम याच आठवड्यात सुरू करा. थकवा नसलेल्या वेळी, एका बैठकीत थोडीच वाक्ये घ्या.