५,४०० रुपयांची फडकी घ्यावीत का?

ताई, आधी तुमच्याच पत्रातले आकडे मांडतो. महिन्याला चार किचन रोल (२४० रुपये), कागदी नॅपकिनची दोन पाकिटं (१००) आणि तोंड पुसायच्या टिश्यूचा एक डबा (८०). झाले ४२०, म्हणजे वर्षाचे ५,०४०. हे सगळं बंद करून ५,४०० रुपयांचा ऑरगॅनिक सुती फडक्यांचा संच सहा हप्त्यांत घ्यावा का, असं तुम्ही विचारता. ‘वर्षभरात पैसे वसूल’ असं विक्रेता म्हणतो.

संच घेऊ नका. कागद मात्र जरूर कमी करा.

विक्रेत्याने धुणं हिशेबात धरलेलंच नाही. गरम पाण्यावर मशीनची एक फेरी म्हणजे वीज आणि पावडर मिळून मी २० रुपये धरतो. मासळी धुतल्यावरचा ओटा, बाथरूम यांसाठी एखादा रोल लागणारच, तेव्हा खरी बचत ३६० रुपये. ‘ही तेलकट फडकी आमच्या कपड्यांत नकोत’ म्हणून एक दिवसाआड वेगळी फेरी लावलीत, तर महिन्याला ३०० रुपये तिथेच गेले. उरले ६०. या वेगाने संचाचे पैसे फिटायला साडेसात वर्षं लागतील. तोवर फडक्यांची जाळी झालेली असेल. तीच फडकी साबणाने खळबळून, वाळवून, रोजच्या धुण्यात टाकलीत तर जादा खर्च जवळजवळ नाही. धुणंभांडी करणाऱ्या मावशींवर हे काम टाकणार असाल, तर त्या पगार वाढवून मागतील, आणि योग्यच मागतील.

फडकी विकत कशाला आणायची, हेही मला कळलं नाही. जुनेर, विरलेला पंचा, सुती ओढणी घरात असेलच. कापून कडा दुमडून शिवा. मऊ झालेलं जुनं सूत नव्या कापडापेक्षा पाणी चांगलं टिपतं. फक्त सॉफ्टनर घालू नका, त्याने टिपणं कमी होतं. तळण निथळायला कागदाऐवजी चाळणी ठेवा. पाहुण्यांसाठी डझनभर नॅपकिन हवेच असतील तर बाजारातून साधे सुती आणा, रोखीने. ‘नो-कॉस्ट’, म्हणजे बिनव्याजी म्हणवणाऱ्या हप्त्यांतसुद्धा बहुधा प्रक्रिया शुल्क लागतं, शिवाय बँक लावते आणि विक्रेता सूट म्हणून वळती करतो त्या व्याजाच्या रकमेवर १८ टक्के जीएसटी. फडक्यांसाठी हप्ता भरणं मला तरी पटत नाही.

पत्राच्या शेवटी तुम्ही ओझरतं लिहिलंय की चौदा महिन्यांच्या बाळाला दिवसाला सहा डायपर लागतात, १२ रुपयांचा एक. म्हणजे महिन्याला २,१६०, कागदाच्या पाचपट! खरा प्रश्न हा आहे. रात्री आणि बाहेर जाताना डायपर राहू द्या, दिवसा घरी लंगोट वापरा. तीन डायपर वाचले तर १,०८० रुपये. लंगोटांची रोज वेगळी फेरी धरली तरी ६०० वजा जाता ४८० उरतात. चारशे रुपयांना एक मिळणारे तयार कापडी डायपर सहा घेतलेत, तर पैसे फिटायलाच पाच महिने जातील आणि तोवर बाळ शी-शू सांगायच्या वयाला येईल. म्हणून घरचेच लंगोट.

पण आधी सासूबाईंना विचारा. दिवसा बाळ त्यांच्याकडे असतं, आठ-दहा वेळा लंगोट त्यांनाच बदलावे लागतील. त्या नाही म्हणाल्या तर डायपर चालू ठेवा आणि महिन्याचं मोठं पाकीट एकदम घ्या.