वाचकांचे प्रश्न : घाटाआधीची काळजी

प्रश्न : अंबड औद्योगिक वसाहतीत आमचा कंट्रोल पॅनेल बनवण्याचा छोटा कारखाना आहे. यंदा १२ जुलैला तळोजाला पाठवलेले ६०० किलोंचे, साडेचार लाखांचे पॅनेल कसारा घाटात ट्रकमध्येच कलंडले आणि आत पाणीही शिरले. ग्राहकाच्या वॉचमनने पोहोचेवर काही शेरा न लिहिता सही केली, आणि वाहतूकदार बिल्टीवरील (माल वाहतुकीच्या पावतीवरील) ‘ओनर्स रिस्क’च्या, म्हणजे ‘जोखीम मालाच्या मालकाची’ अशा, शिक्क्याकडे बोट दाखवतो. पुढे काय काळजी घ्यावी?
— एक उद्योजक, नाशिक

उत्तर : पॅनेल घाटात कलंडले असले, तरी ते कलंडण्याची तयारी आपल्याच फाटकाच्या आत झाली होती, असे पत्रावरून वाटते. जोरात ब्रेक लागल्यास पुढे वजनाच्या ०.८ पट आणि वळणावर बाजूला ०.५ पट रेटा येतो असे धरून माल बांधावा, असे मालभरणीविषयीची आंतरराष्ट्रीय संहिता सांगते. म्हणजे आपल्या पॅनेलसाठी हा रेटा पुढे ४८० आणि बाजूला ३०० किलोंचा होतो. उंच, अरुंद पॅनेलला बाजूचा रेटाच अधिक घातक असतो, आणि तो हाताने आवळलेल्या दोरीने थोपत नाही. तळाला लाकडी ठोकळे ठोकून रॅचेटचे (खटक्याने घट्ट ताणता येणारे) पट्टे लावावेत, आणि घाट उतरण्यापूर्वी चालकाने इगतपुरीला थांबून ते पुन्हा ताणावेत, असे त्याला लेखी द्यावे. ताडपत्री टाकल्यावर आपल्या माणसाने हौद्यात शिरून वर पाहावे. जिथून उजेड दिसतो, तिथून पाणी येणारच.

‘ओनर्स रिस्क’ने फार घाबरू नये, कारण त्या शिक्क्याने वाहतूकदाराची निष्काळजीपणाची जबाबदारी टळत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००० साली स्पष्ट केले आहे. खरी अडचण निराळी आहे. रस्ता वाहतूक कायदा, २००७ आणि त्याखालील नियमांनुसार, माल पाठवणाऱ्याने किंवा घेणाऱ्याने जादा जोखमीसाठीचा चढा दर भरण्याचे कबूल केले नसल्यास भरपाई भाड्याच्या दहापटीपुरतीच मर्यादित राहते. भाडे ९,००० रुपये असेल, तर हाती फार तर ९०,००० येतील.

उरलेली जोखीम विम्यानेच झाकावी लागते, आणि इथे बहुतेक जण हप्त्याकडे पाहून चुकतात. देशांतर्गत मालविम्याच्या ‘बी’ कलमात ट्रक उलटला तर भरपाई आहे. ट्रक उभाच राहून आतला माल पडला, तर ती नाही. आपल्याला सर्व जोखमींचे ‘ए’ कलम हवे. त्यातही अपुऱ्या वेष्टनामुळे झालेले नुकसान वगळलेले असते, म्हणून भरणीची छायाचित्रे जपून ठेवावीत.

ग्राहकाला आधीच कळवून ठेवावे, की ‘पेटी ओली, उघडून पाहणे बाकी’ असा शेरा लिहिल्याशिवाय पोहोचेवर सही करू नये. वाहतूकदाराला नुकसानीची लेखी नोटीस मात्र बुकिंगच्या तारखेपासून १८० दिवसांत द्यावी लागते; आपली बिल्टी १२ जुलैचीच असेल, तर ही मुदत ८ जानेवारीला संपते.