पेलेट स्टोव्ह घरात वापरताना : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

अमेरिकेच्या ईशान्येकडील राज्यांत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांकडून थंडीच्या तोंडावर पेलेट स्टोव्हविषयी बरीच पत्रे आली. महाराष्ट्रातूनही एक प्रश्न आला आहे. त्यांपैकी निवडक प्रश्नांची उत्तरे येथे देत आहे.

प्रश्न : मेन राज्यात आम्ही नुकतेच जुने घर घेतले. दिवाणखान्यात पेलेट स्टोव्ह आधीपासून बसवलेला आहे. लाकडाच्या साध्या स्टोव्हपेक्षा तो वेगळा कसा, आणि त्याच्या आत नेमके काय चालते?

उत्तर : साध्या स्टोव्हमध्ये ओंडका एकदा पेटला की त्याच्या जळण्यावर आपला ताबा थोडाच राहतो. हवा कमी केली तर तो धुमसतो, आणि वाढवली तर उष्णता धुराड्यातून निघून जाते. पेलेट स्टोव्हमध्ये मात्र जळण आणि हवा ही दोन्ही मोजून आत येतात, आणि त्याचे सारे गुणदोष या एका गोष्टीतून निघतात.

पेलेट म्हणजे लाकडाच्या वाळवलेल्या भुशाच्या कांड्या. शेवयाच्या यंत्रातून शेवया पडाव्यात तसा हा भुसा प्रचंड दाबाखाली सुमारे ६ मिलिमीटर व्यासाच्या छिद्रांतून बाहेर काढला जातो. दाबामुळे निर्माण होणाऱ्या उष्णतेने लाकडातील लिग्निन मऊ होते आणि थंड झाल्यावर तेच भुसा धरून ठेवते, म्हणून वेगळा डिंक लागत नाही. स्टोव्हच्या वरच्या किंवा मागच्या बाजूस असलेल्या हॉपरमध्ये या कांड्या ओतल्या की एका संथ मोटरवर फिरणारा स्क्रू (त्याला ऑगर म्हणतात) त्या थोड्या थोड्या करून जळणाच्या छोट्या भांड्यात टाकतो. तापमान वाढवण्याचे बटण दाबल्यावर मुख्यतः हा स्क्रू जास्त वेळ फिरू लागतो. पेटवण्यासाठी विजेवर तापणारी कांडी असते, आणि बटण दाबल्यापासून ज्वाला दिसेपर्यंत काही मिनिटे लागतात.

आत दोन पंखे असतात आणि त्यांची कामे निरनिराळी आहेत. एक पंखा धूर बाहेर खेचतो. त्यामुळे भट्टीत हवेचा दाब कमी होतो आणि ताजी हवा भांड्याच्या छिद्रांतून थेट जळणाखाली येते. दुसरा पंखा खोलीतील हवा तापलेल्या नळ्यांवरून फिरवून परत खोलीत सोडतो. या दोन हवा एकमेकींत कधीही मिसळू नयेत, अशीच स्टोव्हची रचना असते. घर जुने आणि स्टोव्ह आधीच्या मालकाचा असल्यामुळे पहिल्यांदा पेटवण्यापूर्वी जाणकाराकडून धुराची नळी, तिचे सांधे आणि भिंतीपासूनचे अंतर तपासून घ्यावे. त्या मॉडेलचे माहितीपुस्तक मिळवून त्यात दिलेली अंतरे तंतोतंत पाळावीत. झोपण्याच्या खोल्यांजवळ कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूचा अलार्म असलाच पाहिजे.

प्रश्न : व्हर्माँटमध्ये आमच्या स्टोव्हची काच एका दिवसात काळी होते, ज्वाला मंद आणि लांबट दिसते, आणि मधूनच आग विझते. पेलेट वाईट आहेत की यंत्र बिघडले?

उत्तर : बहुधा दोन्ही नाही, स्टोव्हला हवा पुरेशी मिळत नसावी. नीट जळणारी ज्वाला आखूड, तेजस्वी पिवळी आणि चपळ असते. ती नारिंगी होऊन संथपणे डोलू लागली आणि तिच्या टोकांना काळा धूर दिसू लागला, तर हवा कुठेतरी अडली आहे असे समजावे.

शोध जळणाच्या भांड्यापासूनच सुरू करावा. स्टोव्ह पूर्ण थंड झाल्यावर ते बाहेर काढून उजेडासमोर धरा. तळाची आणि कडेची सर्व छिद्रे आरपार दिसली पाहिजेत. राखेतील सिलिका आणि क्षार वितळून झालेला, विटेच्या खंगरासारखा कडक थर तळाशी चिकटलेला आढळेल; तो पातळ पट्टीने खरवडून काढा आणि छिद्रे तारेने मोकळी करा. त्यानंतर दाराची दोरीसारखी पट्टी पाहा. दारात एक नोट ठेवून दार लावा आणि नोट ओढा. ती सहज निघून आली तर तेथून हवा आत शिरत आहे. ही हवा जळणाखालून न जाता वरून निसटते, त्यामुळे पंखा जोरात फिरत असूनही आग उपाशी राहते.

बहुतेक जण येथेच थांबतात. खरी अडचण मात्र पुष्कळदा त्यापुढे असते. भट्टीच्या मागच्या पत्र्यांआड राखेचे मार्ग असतात. तेथे पिठासारखी बारीक राख साचत जाते आणि धूर खेचणाऱ्या पंख्याच्या पात्यांवर तिचा थर बसतो. ते पत्रे काढून, मार्ग ब्रशने झाडून आणि धुराची नळी टोकापर्यंत साफ करून घेतल्याशिवाय दर आठवड्याची वरवरची सफाई पुरी पडत नाही. हे काम हंगामात निदान एकदा करावेच, आणि स्टोव्ह रात्रंदिवस चालत असेल तर हंगामाच्या मध्यावर पुन्हा करावे. घरातील नेहमीचा व्हॅक्यूम क्लीनर त्यासाठी वापरू नये. ही राख त्याच्या गाळणीतून आरपार जाऊन खोलीभर पसरते, आणि एखादा निखारा जिवंत राहिला तर पिशवी पेट घेते. काढलेली राख झाकणाच्या धातूच्या डब्यात भरून घराबाहेर, लाकडी ओट्यापासून दूर ठेवावी, कारण राखेखाली निखारे काही दिवस टिकतात.

एवढे करूनही काच काळी होत असेल, तरच पेलेटवर संशय घ्यावा.

प्रश्न : पेलेट विकत घेताना काय पाहावे? आणि तळघरात साठवून ठेवले तर चालतील का?

उत्तर : अमेरिकेत पेलेट ४० पौंडांच्या पिशव्यांत मिळतात आणि ५० पिशव्यांचा एक टन होतो. पिशवीवरील प्रतीची खूण पाहा. तेथील ‘प्रीमियम’ प्रतीत राखेचे प्रमाण १ टक्क्याहून जास्त नसावे लागते, तर युरोपातील ‘ईएनप्लस ए१’ प्रतीसाठी ही मर्यादा ०.७ टक्के आहे. जास्त राख म्हणजे जास्त खरवडणे, एवढा सरळ हिशेब आहे. पूर्ण टन घेण्याआधी दोन-तीन निरनिराळ्या पेलेटच्या काही पिशव्या जाळून पाहाव्यात, असे मी आग्रहाने सांगेन. पिशवीच्या तळाशी भुगा फार असेल तर ते पेलेट नाकारावेत, कारण हा भुगा हॉपरमध्ये साचतो आणि जळण अडकते.

पेलेटचा मोठा शत्रू म्हणजे पाणी. ओल लागताच कांडी फुगून पुन्हा भुसा होते, आणि ओला भुसा ऑगरमध्ये घट्ट बसला की मोटर जळू शकते. म्हणून पिशव्या थेट काँक्रीटवर न ठेवता लाकडी फळ्यांवर ठेवा. हवा खेळती असलेल्या कोरड्या तळघरात थोड्या पिशव्या ठेवण्यास हरकत नाही. सुटे पेलेट मोठ्या प्रमाणावर बंद कोठीत साठवणे मात्र निराळे आहे. लाकडातील स्निग्ध घटकांचे ऑक्सिडीकरण होऊन तेथे कार्बन मोनॉक्साइड साचतो, आणि युरोपात अशा कोठ्यांमध्ये शिरून माणसे दगावली आहेत. तशी कोठी असेल तर ती पूर्ण हवेशीर केल्याशिवाय कोणीही आत पाऊल टाकू नये.

प्रश्न : हिमवादळात वीज गेली तर काय करायचे?

उत्तर : वीज गेली की ऑगर आणि दोन्ही पंखे थांबतात. भांड्यात असलेले थोडे जळण धुमसत राहते, आणि धूर खेचणारा पंखा बंद असल्यामुळे त्यातला काही धूर खोलीत येऊ शकतो. धुराची नळी काही फूट उभी वर नेलेली असेल तर नैसर्गिक ओढीने बराच धूर बाहेर जातो. नळी भिंतीतून आडवी बाहेर काढलेली असेल तर हा आधार मिळत नाही. अशा वेळी स्टोव्हचे दार उघडू नका. खिडकी किंचित उघडा आणि आग आपोआप विझू द्या. नेहमीच्या वापरातही स्टोव्ह प्लग काढून बंद करू नये. बटणाने बंद केल्यावर आतील पंखा थंड होईपर्यंत फिरत राहिला पाहिजे.

चालू स्टोव्हला साधारण १०० वॉट वीज पुरते, पेटवताना मात्र ती तीन-चार पट लागते. १२ व्होल्ट, १०० अँपिअर-तासांची लेड-ॲसिड बॅटरी निम्मी वापरली तर पाच-सहा तास निभावते. इन्व्हर्टर शुद्ध साइन वेव्हचाच घ्यावा, कारण अन्य प्रकारांत स्टोव्हचे कंट्रोल बोर्ड आणि मोटर बिघडण्याची भीती असते.

प्रश्न : मॅसॅच्युसेट्समध्ये आमचे घर तेलावर तापते. पेलेटने पैसे वाचतील का?

उत्तर : एक टन पेलेटमधील उष्णता सुमारे १२० गॅलन हीटिंग ऑइलइतकी असते. तुमच्या भागातील टनाचा भाव १२० ने भागा. येणारा आकडा तेलाच्या गॅलनच्या भावापेक्षा बराच कमी असेल तरच विचार पुढे न्यावा. घरात नळाचा गॅस असेल तर पेलेटने बचत होण्याची शक्यता कमी आहे. चांगला हीट पंप (बाहेरच्या हवेतील उष्णता घरात आणणारे विजेचे यंत्र) बसवता येत असेल तर त्याचाही भाव आधी काढावा. स्टोव्ह मुख्यतः एका खोलीला ऊब देतो, आणि त्याला दररोज पाच-दहा मिनिटे हात लावावा लागतो. ज्या घरात हे काम नियमाने करणारे कोणी नाही, तेथे मी तो सुचवत नाही.

प्रश्न : सातारा जिल्ह्यातील आमच्या शेतघरात पेलेटवर चालणारी पंख्याची चूल आहे. थंडीत रात्री तीच खोलीत ठेवून ऊब घेता येईल का?

उत्तर : कृपया असे करू नका. भारतात पेलेटचा घरगुती वापर स्वयंपाकाच्या वाटेने आला. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या सहकार्याने तयार झालेली ‘ऊर्जा’ ही चूल २००६ च्या सुमारास बाजारात आली आणि पुढे पुण्याच्या फर्स्ट एनर्जी या कंपनीने ती चालवली. शेतीतील टाकाऊ मालापासून केलेले पेलेट तिच्यात आधी वायुरूप होऊन मग जळतात, त्यामुळे साध्या चुलीपेक्षा धूर पुष्कळच कमी होतो. पण अशा चुलीला धूर घराबाहेर नेणारी नळी नसते. जे काही निघते ते खोलीतच राहते, आणि पेलेट संपत आल्यावर उरलेल्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड जास्त निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. झोपलेल्या माणसाला जागही येत नाही. धूर दिसत नाही म्हणून चूल निर्धोक मानणे ही यातली सर्वांत मोठी चूक आहे.

ती चूल हवेशीर स्वयंपाकघरात किंवा ओसरीवरच वापरा आणि निखारे पूर्ण विझल्याखेरीज आत आणू नका. सातारा भागातील थंडीत दारे-खिडक्यांच्या फटी बुजवणे, जाड पांघरूण आणि गरज पडल्यास विजेचा हीटर एवढ्याने काम भागते. हीटर मात्र पांघरुणापासून आणि पडद्यांपासून दूर ठेवा.