पौष लागायच्या आत

“लग्नानंतर प्रेम होतं ना हो नक्की?” परदेशातलं स्थळ आलं की हा प्रश्न घेऊन कुणी ना कुणी माझ्यासमोर येऊन बसतं. मुली विचारतात, मुलगे विचारतात, आईवडील तर मुलांच्या वतीनं विचारतात. मी होही म्हणत नाही आणि नाहीही. त्याऐवजी आज सोहिनीबद्दल सांगते. (नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत, तिला विचारूनच लिहिते आहे.)

सोहिनी बंगाली, २९ वर्षांची, हिंजवडीत नोकरीला. माहेर हुगळीच्या काठावरच्या श्रीरामपूरचं. वडील सहा वर्षांपूर्वी गेले, आई एकटी असते. मुलगा अमेरिकेत न्यू जर्सीत, एच-१बी या नोकरीसाठीच्या व्हिसावर. ओळख साडेतीन महिन्यांची, सगळी व्हिडिओ कॉलवरची. नोव्हेंबरच्या सुरुवातीला ती माझ्याकडे आली तेव्हा ‘पाका कथा’, म्हणजे आपल्याकडची बोलणी, उरकली होती. घाई पंचांगाची होती. मुलाला तीन आठवडे रजा, तीही डिसेंबरात. बंगाल्यांत पौषात लग्नं करत नाहीत आणि त्यांचा पौष डिसेंबरच्या मध्यावरच लागतो. म्हणजे त्याआधीचा अग्रहायण महिना संपायच्या आत बार उडवायचा. हातात जेमतेम पाच आठवडे.

दुर्गापूजेला ती घरी गेली तेव्हा आईनं धीर द्यायला तिला ‘द नेमसेक’ दाखवला होता. मीरा नायर यांचा २००६चा चित्रपट, झुंपा लाहिरींच्या कादंबरीवरचा. कोलकात्याची अशिमा फारशी ओळख नसलेल्या अशोकशी लग्न करून अमेरिकेला जाते आणि हळूहळू दोघं एकमेकांची होतात. तब्बू आणि इरफान खाननं ते असं काही केलंय की पाहणाऱ्याला ठरवून केलेल्या लग्नाचा मोह पडावा. “माँ म्हणते, बघ, त्यांना कुठे प्रेम आधी झालं होतं?” सोहिनी म्हणाली. “पण दिदी, मला नाही झालं तर?”

आईला कुठला प्रसंग आवडतो, मी विचारलं. बुटांचा. मुलगी बघायला आलेल्या अशोकचे दाराबाहेर काढलेले बूट अशिमा गुपचूप पायात घालून बघते, तो. सगळ्यांना तोच आठवतो. मला मात्र अमेरिकेतला एक प्रसंग जास्त महत्त्वाचा वाटतो. अशिमा त्याचे लोकरीचे कपडे धुवायला नेते, ते आटून एवढेसे होतात, तो वैतागतो आणि ती न्हाणीघरात कडी लावून बसते. मग तो दाराशी येऊन तिची समजूत काढतो. त्या लग्नात प्रेम यायला जागा झाली ती तिथे, असं मला मनापासून वाटतं.

“तू त्याला आजवर कशाला तरी नाही म्हणालीस?” मी विचारलं. बराच वेळ आठवून ती म्हणाली, “कधीच नाही.” दर शनिवारी रात्री साडेनऊला कॉल. ती त्याआधी केस विंचरून, काजळ लावून बसायची. तोही इस्त्रीचा शर्ट घालून. साडेतीन महिने दोघं एकमेकांना बघायच्या कार्यक्रमातच बसली होती.

मी तिला सांगितलं, एखाद्या आडवारी, काजळ न लावता फोन कर आणि जे विचारायचं टाळते आहेस ते विचार. ते होतं तिच्या नोकरीचं. एच-१बीवाल्याच्या पत्नीला एच-४ व्हिसा मिळतो आणि त्यावर सरसकट काम करता येत नाही. २०१५पासून काहींना परवानगी मिळते, पण त्यासाठी सहसा नवऱ्याचा ग्रीन कार्डाच्या वाटेवरचा आय-१४० अर्ज मंजूर झालेला लागतो. किती मुली हे तिकडे पोचल्यावर कळून हबकतात! अनोळखी गावात, स्वतःच्या नावावर एक डॉलर नसताना, प्रेम आणि धास्ती यांतला फरकही कळेनासा होतो. पासपोर्ट स्वतःजवळ, विवाहनोंदणीचा दाखला आणि परतीच्या तिकिटापुरते पैसे स्वतःच्या खात्यात, हे मी प्रत्येकीला सांगते. त्यात नवऱ्यावर अविश्वास नाही.

तिनं विचारलं. तो गप्प झाला, मग म्हणाला, “एकदोन वर्षं तू घरीच असशील असं मी धरून चाललो होतो.” ती म्हणाली, मला ते चालणार नाही. फोन लवकर संपला. दोन दिवस काहीच नाही. ते दोन दिवस तिनं फार वाईट काढले. तिसऱ्या दिवशी त्याचा फोन आला. ऑफिसच्या वकिलाला विचारलं होतं. त्याचा आय-१४० अजून मंजूर नव्हता. ते त्यानं आडपडदा न ठेवता सांगितलं. चूक माझी, म्हणाला, हे मीच आधी बघायला हवं होतं; तारीख पुढे गेली तर आईबाबांशी मी बोलतो. एवढ्यावरून मी कुणाला चांगल्या नवऱ्याचं प्रशस्तिपत्रक देणार नाही. पण तो दाराशी आला होता, हे खरं.

गाठ सुटली असं मी धरलं, तिथे माझं चुकलं. तारीख फाल्गुनात गेली तरी तिची झोप लागेना. मग एका बैठकीत ती ‘कनकांजली’बद्दल बोलली. बंगाली लग्नात पाठवणीच्या वेळी मुलगी आईकडे पाठ करून ओंजळीतले तांदूळ डोक्यावरून मागे टाकते, आई ते पदरात झेलते आणि मुलीनं म्हणायचं, आई, तुझं ऋण फेडलं. “ते मी कसं म्हणू?” रोज रात्री नऊला आईला फोन करून बीपीची गोळी घेतलीस का विचारणारी ही मुलगी. चित्रपटात मरणाची बातमी फोनवरून येते, तेवढंच तिच्या डोक्यात राहिलं होतं. मुलाचं आणि प्रेमाचं भय खरं होतं, पण त्याच्याखाली हे होतं.

मी म्हटलं, हे मला नको, आईला सांग. जानेवारीत ती चार दिवस घरी जाऊन आली. हल्ली बऱ्याच मुली ते वाक्य म्हणायला नकार देतात, आईला तेही माहीत होतं. ती भाजी चिरत होती, म्हणे. सुरी खाली न ठेवताच म्हणाली, “तांदूळ टाक. मी पदर धरते. बोलायचं काही नाही.”